पट्टी लावली म्हणजे घर वाचत नाही

गावातल्या लोकांना विजेच्या वस्तू नीट वापरता येत नाहीत म्हणून त्या जळतात, असे एका जाणत्या गृहस्थांचे मत हल्ली खांडबाऱ्याच्या आसपास मोठ्या आदराने ऐकवले जाते. त्यांचा उपायही तयार आहे. टीव्हीला स्पाइक गार्डची पट्टी लावा, फ्रीजला स्टॅबिलायझर बसवा, ढग गडगडले की प्लग काढा. अर्थिंगचा खड्डा कारखान्यांना लागतो. कुडाच्या नि पत्र्याच्या घराला तो खर्च कशाला? एवढे सांगूनही वस्तू जळली तर दोष ज्याचा त्याचा.

हे मत नुसते चुकीचे असते तर दुर्लक्ष करता आले असते. पण ते न केलेला गुन्हा गरिबाच्या माथी मारते, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

स्टॅबिलायझर सावकाश चढणारे-उतरणारे व्होल्टेज सावरतो; आकाशातल्या विजेचा झटका मायक्रोसेकंदांत येतो आणि स्टॅबिलायझरमधला स्विच (रिले) हलायच्या आत आपले काम उरकून जातो. नव्या वस्तूंच्या आत संरक्षण असते, ते किरकोळ चढउतारापुरते. प्लग काढणे मात्र चांगलेच. पण भातलावणीच्या दिवसांत सगळे घर शेतात असताना तो काढायचा कोणी? आणि प्लग काढला तरी छपरावरच्या डिशची केबल टीव्हीला तशीच राहते, हे गृहस्थांच्या लक्षात आलेले नाही.

आता पट्टीकडे येऊ. तिच्यात एक छोटी चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ती क्षणभर वाट मोकळी करते आणि जादा वीज न्यूट्रलकडे व जमिनीकडे वळवते. जमिनीकडे जाण्यासाठी सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायर हवी, आणि त्या वायरीच्या टोकाला खरोखरची जमीन. किती घरांत ती आहे? कित्येक ठिकाणी तिसरे भोक नुसते दिसायला असते. तारांवर वीज कोसळते किंवा जवळ पडते तेव्हा झटका फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांवरून एकदम येतो. अशा वेळी या दोघांमध्ये बसलेल्या चकतीला फरक जाणवतच नाही. जमिनीची वाट नसेल तर तो झटका वस्तूच्या आतून वाट काढतो.

पण माझा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. आपल्या वस्तू केवळ आकाशातल्या विजेने जळत नाहीत. त्या न्यूट्रल तुटल्यानेही जळतात, आणि या गोष्टीचा गृहस्थांच्या उपदेशात उल्लेखसुद्धा नाही.

ट्रान्सफॉर्मरवरून, म्हणजे डीपीवरून, गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट, तर दोन फेजमध्ये सुमारे 400. डीपीवरचा जोड सैल झाला, जंपर गंजला, वाऱ्याने फांदी पडून न्यूट्रलची तार तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांच्या पाठोपाठ जोडल्यासारखी होतात आणि ते 400 व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. जिथे वापर कमी, तिथे व्होल्टेज जास्त. हिशेब सोपा आहे. एका घरात दोन बल्ब आणि टीव्ही मिळून 100 वॅट चालू आहेत, दुसऱ्यात 1000 वॅटचा हीटर चालू आहे, असे धरा. साधारण हिशेबाने पहिल्या घरावर 360 व्होल्टच्या वर पडतात, दुसऱ्यावर 40 च्या खाली. म्हणजे ज्याच्या घरात दोनच वस्तू, त्याच्याच दोन्ही जळतात. यात त्या माणसाचा निष्काळजीपणा कुठे आला? त्याने कोणती वस्तू चुकीची वापरली?

आणि अशा वेळी ती पट्टी काय करते? तिची चकती काही मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी बनवलेली असते. बहुधा तिच्यावर 275 व्होल्टची मर्यादा असते. 360 व्होल्ट मिनिटभर अंगावर आले तर ती तापते, धुमसते, कधी पेट घेते. लाकूड, कूड आणि गवत असलेल्या घरात ज्या वस्तूला रक्षक म्हणून आणले, तीच आग लावू शकते. असा सल्ला देणाऱ्यांनी बोलण्याआधी एकदा ते घर आतून पाहिले असते तर बरे झाले असते.

हा वाद जुनाच आहे. भारनियमनाच्या काळात वीज आली की मोटारी जळत, तेव्हाही 'लोक आकडे टाकतात म्हणून' हे उत्तर हजर असे. आकडे टाकणारे होते, हे कोणी नाकारत नाही. पण नियमाने बिल भरणाऱ्याची मोटार त्या उत्तराने परत मिळाली नाही. राहिला खर्चाचा मुद्दा. अर्थिंगला चैन म्हणणाऱ्यांनी खांडबारा स्टेशनवर जाऊन यावे. उधना-जळगाव मार्गावर रुळांच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, आणि तिथे लोखंडी खांब अर्थिंगशी जोडल्याशिवाय काम पुरे होत नाही. मोबाइलच्या टॉवरलाही अर्थिंगचे खड्डे असतात. यंत्राला जे आवश्यक, ते माणसाच्या घरी आले की चैन कसे होते?

मग करायचे काय? प्रत्येक घराला भारतीय मानक 3043 प्रमाणे अर्थिंग हवे, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की त्या खड्ड्यात पाणी ओतायला हवे. मेन बोर्डवर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की पुरवठा आपोआप तोडणारे कट-ऑफ हवे; न्यूट्रल तुटल्यावर घर वाचवते ते हेच. त्याच्या जोडीला टाइप 2 चे सर्ज संरक्षक उपकरण, आखूड वायरींनी अर्थिंगला जोडलेले. अंगाला झटका बसू नये म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा. घरातले दिवे एकदम लख्ख झाले आणि शेजारचे मंदावले, तर मीटरजवळचा मेन स्विच आधी बंद करावा. न्यूट्रल आणि अर्थिंग घरात कधीही एकमेकांना जोडू नयेत.

घराबाहेरचा भाग आपल्या हातात नाही, तो मागून घ्यायचा. डीपीवरचे जोड पावसाआधी घट्ट झाले पाहिजेत. वस्तू जळली तर तारीख-वेळ घालून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. वीज कायदा 2003 च्या कलम 57 मध्ये सेवेची मानके न पाळल्यास भरपाईची, तर कलम 42 मध्ये तक्रार निवारण मंचाची तरतूद आहे. चार घरांनी मिळून अर्ज केला तर त्याचे वजन वाढते. आणि ग्रामसभेत एक ठराव जरूर व्हावा: घरकुलाचा पाया खणताना अर्थिंगचा खड्डाही त्याच मजुरीत खणला जावा. तेव्हा तो स्वस्तात होतो. घर उभे राहिल्यावर मागे पडतो तो कायमचा.