अंदमानची सहल : आधी कोठडी, मग किनारा



दिवाळी सरली की मंद्रूपसारख्या गावातही अंदमानच्या सहलीचे बेत सुरू होतात. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले विमानाची तिकिटे काढतात आणि आई-वडिलांच्या तपासण्यांचे कागद घेऊन दवाखान्यात येतात. प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, यांना न्यायला हरकत नाही ना?" प्रकृती स्थिर असेल तर मी होकार देतो, मात्र एक प्रश्न थेट त्या वडीलधाऱ्यांनाच विचारतो, "तुम्हाला तिथे काय पाहायचे आहे?" उत्तर बहुधा एकच येते : सावरकरांची कोठडी. मुलांच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र चार दिवस स्वराज द्वीपावरचे, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावरचे, रिसॉर्ट असते आणि सेल्युलर जेलच्या वाट्याला परतीच्या दिवशीची घाईची दुपार.

हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सत्तरीनंतर अंगातील शक्ती शिध्यासारखी मोजून खर्चावी लागते. ती ज्या गोष्टीसाठी माणूस एवढ्या दूर आला, तिच्यावर आधी खर्च व्हावी. समुद्रकिनारा ही विश्रांतीची जागा आहे आणि विश्रांती श्रमानंतरच गोड लागते.

पहिले दोन दिवस श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे काढावेत. पोहोचल्या दिवशी केवळ आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, जेल पाहावे. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 या काळात येथे होते. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे जिने चढणे अटळ आहे. प्रत्येक मजल्यावर थांबावे. छातीत जड वाटले, धाप लागली किंवा घेरी आल्यासारखे झाले तर तिथेच बसावे आणि लगेच सांगावे. मुलांचा विरस नको म्हणून दुखणे लपवणारे आजोबा मला दवाखान्यात नित्य भेटतात; प्रवासात तो संकोच महागात पडतो. गुडघे साथ देत नसतील तर अंगण, कोलू आणि फाशीघर खालीच पाहता येते. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम तर बसूनच पाहायचा असतो.

बेटाची संस्कृती मात्र जेलपाशी संपत नाही. शिक्षा भोगून तिथेच स्थायिक झालेल्या बंदिवानांचे वंशज, फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबे, तमिळ, तेलुगू आणि रांचीकडचे लोक, सारे एकमेकांशी हिंदीत बोलतात. बाजारातील एखाद्या दुकानापाशी अर्धा तास बसून गप्पा मारल्या तरी पुष्कळ कळते आणि त्याला पायांचे बळ लागत नाही. आदिम जमातींविषयी जाणून घ्यायचे असेल तर शहरातील मानववंशशास्त्र संग्रहालयात जावे. जारवांची वाटेत छायाचित्रे काढणे हा गुन्हा आहे, हे नातवंडांनाही सांगावे.

दिनचर्येविषयी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. घड्याळ आपलेच असले तरी तिथे सूर्य सोलापूरपेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो आणि मावळतो. त्यामुळे फिरणे सकाळी लवकर उरकावे. औषधे मात्र घड्याळाप्रमाणेच घ्यावीत.

आपल्याला वाटते, सोलापूरचा उन्हाळा सोसणाऱ्याला अंदमानचे ऊन काय करणार? पण आपली हवा कोरडी. घाम वाळतो आणि अंग थंड होते. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगातील उष्णता आतच राहते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी किती प्यावे आणि गोळी कशी घ्यावी हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून गोळी बंद करू नये.

बोटीच्या प्रवासात मळमळते म्हणून सहप्रवासी देतील ती गोळी घेऊ नये. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, कधी भ्रम होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. बोटीच्या मध्यभागी बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, आधी हलके खावे.

किनाऱ्यावर मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झाली असेल तर तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही आणि प्रवाळाने कापलेलेही कळत नाही. रोज रात्री घरच्या कोणीतरी तळपाय उजेडात पाहावेत. भाकरीच्या जागी दोन्ही वेळा भात आला की साखर वाढते, तेव्हा भाताचे प्रमाण बेताचे ठेवावे. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.

स्वराज द्वीपावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठे सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, श्रीविजयपुरमला सेल्युलर जेलच्याच आवारात आहे. हवामान बिघडले तर बोटी रद्द होतात. म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी दूरच्या बेटांचा मोह टाळावा आणि सर्वांनीच परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी शहरात परत यावे.

शेवटी मुलांना एक विनंती. तुम्ही पाण्यात खेळताना आई-वडिलांना सामानाची राखण करायला बसवू नका आणि सगळे दाखवण्याच्या हौसेपोटी त्यांना दिवसभर फरफटवूही नका. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी किनाऱ्यावर सावलीतली खुर्ची आणि शेजारी घरातले कोणीतरी, एवढे पुरे आहे. तिकिटे काढण्यापूर्वी त्यांना काय पाहायचे आहे ते विचारा आणि ते पहिल्या दोन दिवसांत बसवा.