अध्यक्ष महोदय, तुमचा संघ हरला!

मार्च २००९. अमेरिकेत बँका डबघाईला आलेल्या, बेकारी महिन्यागणिक वाढत चाललेली, आणि बराक ओबामांना व्हाइट हाउसमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झालेले. अशा वेळी ते ईएसपीएन वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर हातात मार्कर घेऊन एका भल्यामोठ्या तक्त्यापुढे उभे राहिले आणि कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण कोणाला हरवणार ते लिहीत गेले. विजेता म्हणून त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाचं नाव घातलं आणि वर त्या पोरांना दमही भरला : गेल्या वर्षी तुम्हालाच निवडलं होतं, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, यंदा अख्ख्या देशासमोर शोभा करू नका. त्यांच्या शेवटच्या चार संघांत ड्यूक नव्हता. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांनी लगेच सुनावलं की, अध्यक्षांबद्दल आदर आहेच, पण या तक्त्यापेक्षा त्यांनी अर्थव्यवस्थेकडे लक्ष दिलेलं बरं. टोला झकास होता आणि खूप गाजला. मात्र सोळा संघांच्या फेरीत ड्यूक व्हिलानोव्हाकडून हरला आणि स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनानंच जिंकली. अर्थव्यवस्थेचं काय झालं ते कळायला बराच वेळ लागला. बास्केटबॉलचा निकाल तीन आठवड्यांत लागला.

हा तीन आठवड्यांचा हिशेबच मला या प्रकारात सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्यासाठी आधी हा तक्ता म्हणजे काय ते सांगायला हवं. ‘मार्च मॅडनेस’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत आज पुरुषांचे ६८ संघ असतात. सुरुवातीच्या चार सामन्यांनंतर ६४ उरतात. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ असं मानांकन, आणि एकदा हरला की घरी. सामने सुरू होण्याआधी ६३ निकालांचा अंदाज कागदावर मांडायचा, यालाच तिकडे ब्रॅकेट म्हणतात. निव्वळ नाणं उडवून सगळे अंदाज बरोबर यायचे असतील तर शक्यता किती? ९२ वर सतरा शून्यं, इतक्यांत एक. म्हणूनच ऑफिसात ब्रॅकेट भरताना बास्केटबॉलचा किडा आणि संघाच्या जर्सीच्या रंगावरून नावं निवडणारी रिसेप्शनिस्ट एकाच पायरीवर उभे असतात, आणि पुष्कळदा दुसरीच जिंकते. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला क्रिकेटपलीकडचा अमेरिकी खेळ पहिल्यांदा कळतो तो बहुधा अशा एखाद्या ऑफिसच्या पैजेतूनच.

राजकारण्याचा सगळा व्यवहार याच्या नेमका उलट असतो. तो भाकितं रोज करतो, पण तपासता येतील अशी क्वचितच. रोजगार वाढतील, महागाई आटोक्यात येईल, ‘येत्या काळात’ चित्र पालटेल. हा ‘येता काळ’ कधीच हजर होत नाही, आणि झालाच तर खुर्चीत दुसरं कोणीतरी बसलेलं असतं. ब्रॅकेटमध्ये अशी पळवाट नाही. नाव लिहिलं, तारीख पडली, सामना झाला, फुली बसली. देशातल्या सर्वोच्च पदावरचा माणूस चुकू शकतो, हे कोणत्याही चौकशी आयोगाविना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि कोणाचंही नुकसान न होता दिसतं. ही गंमत क्षुल्लक असेल, पण निरर्थक नाही. सत्ताधाऱ्यानं खेळाबद्दल अंदाज बांधावा, जरूर बांधावा आणि खुशाल चुकावा; फक्त त्यानं खेळाचा निकाल देऊ नये. या दोहोंतली रेघ टीकाकारांपेक्षा चाहत्यांना अधिक नीट कळते, असं माझं मत आहे.

शशेफ्स्कींच्या आक्षेपाचं गंभीर रूप २०११ मध्ये समोर आलं. ११ मार्चला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी, फुकुशिमाचं संकट डोक्यावर, लिबियात गडाफींचं सैन्य बेनगाझीकडे सरकतंय, आणि त्याच आठवड्यात अध्यक्षांचा तक्ता टीव्हीवर. रिपब्लिकन पक्षानं टीकेची झोड उठवली. ओबामांनी त्या कार्यक्रमाची सुरुवात जपानला मदत करण्याच्या आवाहनानं केली होती, पण त्यानं फारसा फरक पडला नाही. या टीकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. प्रश्न खर्ची पडलेल्या मिनिटांचा नव्हताच; माणसं ढिगाऱ्याखाली असताना नेत्याचा हसरा चेहरा कोणत्या चौकटीत दिसावा, याचा होता. त्या वर्षी त्यांनी मोह आवरला असता तर काही बिघडलं नसतं. पण यावरून ‘अध्यक्षांनी असल्या भानगडीत पडूच नये’ असा नियम काढायचा तर अध्यक्षांचं गोल्फही बंद करावं लागेल, आणि ते दोन्ही पक्षांना परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे : हा सगळा मतांचा खेळ. २००८ मध्ये ओबामांनी नॉर्थ कॅरोलायना राज्य जेमतेम १४ हजार मतांनी जिंकलं होतं, आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांना विजेता दिसला तोही तिथलाच. २०१२ मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. त्याच मार्चमध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना घेऊन ते सामना पाहायला गेले तो डेटनला, म्हणजे ओहायोत. आणि त्या काळी निवडणुकीत ओहायोचं वजन किती, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इतकं पाहिलं की आक्षेप पक्का वाटतो. पण पुढची यादी वाचा. २०१०, २०११ आणि २०१६ मध्ये त्यांनी कॅन्सस निवडलं. त्यांच्या आईचा जन्म तिथला, हे खरं. पण त्या राज्यानं १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिलेला नाही. २०१५ मध्ये केंटकी, तिथंही त्यांच्या पक्षाला आशा नव्हती. २०१३ मध्ये इंडियाना, तेव्हा त्यांची शेवटची निवडणूक होऊन गेलेली. यादीतून जे निघतं ते मतांचं गणित नाही, सावधपणा आहे : अध्यक्षपदाच्या आठ वर्षांत निवडलेल्या आठ विजेत्यांपैकी सात संघ आपापल्या विभागात पहिल्या मानांकनाचे होते. अपवाद एक, २०१४ चा मिशिगन स्टेट. ‘बदल’ या शब्दावर निवडून आलेला हा माणूस बास्केटबॉलमध्ये मात्र मळलेली वाट सोडत नव्हता. टीका करायचीच तर यावर करावी.

आणि या आठांपैकी बरोबर ठरला एकच, तो पहिला. त्यानंतर अध्यक्षांनी आपला संघ निवडला की चाहत्यांच्या पोटात गोळा येऊ लागला तर नवल नाही. २०१० मध्ये कॅन्सस दुसऱ्याच फेरीत नॉर्दर्न आयोवाकडून गारद झाला. २०१५ मध्ये केंटकी सलग ३८ सामने जिंकून उपांत्य फेरीत आला आणि तिथं विस्कॉन्सिननं त्याला लोळवलं. दृष्ट लागली, असं म्हणायला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत, पण हिशेब वेगळं सांगतो. जेतेपदासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात. एखाद्या तगड्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी सहाच्या सहा जिंकण्याची शक्यता २६ टक्क्यांवर येते. म्हणजे आठ वर्षं दरवेळी उत्तम संघ निवडला तरी एक-दोनदाच नेम बसायचा. ओबामांची कामगिरी वाईट नव्हती, सामान्य होती. आणि चाहत्यांना सुखावलं ते नेमकं हेच. पद कितीही मोठं असो, कागदापुढे तो आपल्यासारखाच. आपला संघ वगळला म्हणून चिडणारे चाहते अध्यक्षांचा राग करत असतात खरे, पण त्या रागात एक प्रेमाची लकेर असते : थांब, आमची पोरं तुला दाखवतीलच. ती दाखवण्याची संधी शिल्लक असते म्हणून हा राग विषारी होत नाही.

ती संधीच काढून घेतली तर काय होतं, याचं उदाहरण बास्केटबॉलमधलं नाही, कॉलेज फुटबॉलमधलं आहे. ६ डिसेंबर १९६९, फेएटव्हिल, आर्कान्सॉ. टेक्सस आणि आर्कान्सॉ हे दोन्ही अपराजित संघ समोरासमोर, आणि प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ही दोन्ही राज्यं त्यांच्या हातची गेलेली. टेक्ससनं त्यांचे प्रतिस्पर्धी हम्फ्री यांना कौल दिला होता, आर्कान्सॉनं दुसरे प्रतिस्पर्धी वॉलेस यांना. शेवटचं सत्र सुरू होईपर्यंत टेक्सस ०-१४ असा मागे होता, तो १५-१४ असा जिंकला. निक्सन थेट टेक्ससच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरले आणि प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्या हाती त्यांनी राष्ट्रविजेतेपदाचा फलक ठेवला. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये विजेता ठरवणारी बाद फेरी नव्हती. पत्रकार आणि प्रशिक्षकांचे कौल मोजले जात. शिवाय त्या वेळी पेन स्टेट हा आणखी एक अपराजित संघ होता, आणि त्याचा हंगामातला शेवटचा सामना अजून व्हायचा होता. पेनसिल्व्हेनिया पेटलं. समजूत घालायला म्हणून निक्सन यांनी पेन स्टेटला सर्वांत दीर्घ अपराजित मालिकेसाठी वेगळा फलक देऊ केला. प्रशिक्षक जो पॅटर्नो यांनी तो नाकारला. पेन स्टेटनं तो शेवटचा सामना, म्हणजे ऑरेंज बाउलही जिंकला, पण फलक देऊन झाला होता.

१९७३ मध्ये पेन स्टेटच्या पदवीदान समारंभात पॅटर्नोंनी विचारलं की, १९६९ मध्ये कॉलेज फुटबॉलबद्दल इतकं जाणणाऱ्या अध्यक्षांना १९७३ मध्ये वॉटरगेटबद्दल इतकं कमी कसं ठाऊक? चार वर्षं हा राग जिवंत राहिला, कारण तो विरवायला मैदान उरलंच नव्हतं. ओबामांनी ड्यूकला वगळलं तेव्हा ड्यूकला खेळून उत्तर देता येत होतं. २००९ ला जमलं नाही, पण २०१० मध्ये अध्यक्षांच्या तक्त्याला न जुमानता त्यांनी स्पर्धा जिंकलीच. निक्सन यांना पेन स्टेटनं काय उत्तर द्यायचं? सत्ता वादात उतरली की मजा येते. सत्तेनं वाद मिटवला की अपमान होतो.

मग न बोललेलंच बरं, असा सुरक्षित मार्ग काही जण धरतात. २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्या मिट रॉम्नी यांनी ‘यंदा मी तेवढं लक्ष ठेवलेलं नाही’ असं सांगून तक्ता भरायला नकार दिला. उत्तर प्रामाणिक होतं. अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडल्यावर, २०१५ मध्ये, याच रॉम्नींनी ड्यूक जिंकणार असं लिहिलं, अंतिम सामन्यातला दुसरा संघ विस्कॉन्सिन हेही अचूक हेरलं आणि ईएसपीएनवरच्या लाखो तक्त्यांत अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले. शर्यतीत असताना एवढं मोकळं होता आलं असतं तर! डोनाल्ड ट्रम्प यांनीही २०१७ मध्ये ईएसपीएनचं निमंत्रण स्वीकारलं नाही. एरवी प्रत्येक विषयावर ठाम मत असलेल्या माणसानं ६३ तपासण्याजोगी मतं द्यायचं टाळावं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे नेत्यांचं खेळाशी नातं आणखी वेगळं. वानखेडे स्टेडियमला नाव आहे ते एका राजकारण्याचंच, आणि शरद पवार तर भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. आपले नेते अंदाज सांगत बसत नाहीत, थेट संघटना चालवतात.

खरा अडसर मला दिसतो तो पैशाचा, आणि इथं माझ्याजवळ सोपं उत्तर नाही. २०१० मध्ये या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा चौदा वर्षांचा करार १,०८० कोटी डॉलरना झाला, तेव्हा मैदानावर धावणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे जवळपास काहीच मिळत नव्हतं. अध्यक्षांचा तक्ता ही या धंद्याची फुकटची जाहिरात होती, हे मान्य करायला हवं. ओबामांनी २०१५ मध्ये जखमी खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घेणाऱ्या विद्यापीठांवर टीका केली, पण खेळाडूंना पगार देण्याची कल्पना त्यांना रुचली नव्हती. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमावता येऊ लागलं, तेव्हा ही बोच काहीशी कमी झाली. तोवर दुसरी उभी राहिली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांत आडकाठी करणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि आज तीसहून अधिक राज्यांत हा सट्टा खुला आहे. ऑफिसातल्या पाच-दहा डॉलरच्या पैजेशेजारी अध्यक्षांचा तक्ता शोभत होता. सामना चालू असताना दर मिनिटाला भाव दाखवणाऱ्या मोबाइल ॲपच्या शेजारी तो तितका निरागस राहत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा एक फ्री थ्रो हुकला की ज्याचे पैसे बुडाले तो त्यालाच शिव्या घालतो. अशा बाजारात अध्यक्षांनी कोणाचं नाव घ्यावं, याचा विचार व्हाइट हाउसनं करायला हवा.

तरीही २०२३ चा मार्च आठवतो. जो बायडन यांनी पुरुषांत ॲरिझोना जिंकणार असं लिहिलं. मानांकन दुसरं, संघ दणकट. पहिल्याच फेरीत समोर आला पंधराव्या मानांकनाचा प्रिन्स्टन, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्तीच न देणाऱ्या आयव्ही लीगमधला. शेवटच्या मिनिटांत ॲरिझोनाला एक बास्केट पडेना. ५९-५५. स्पर्धा जेमतेम सुरू झाली होती आणि अध्यक्षांच्या तक्त्यात विजेत्याच्या नावावर फुली पडली होती.