पारोसा ब्रश

मराठी माणसाच्या घरात उष्ट्याखरकट्याचा विचार फार बारकाईने झालेला आहे. भांडे ओठांना न लावता पाणी वरून प्यावे, वाढताना पळी ताटाला टेकू नये, खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवू नये. हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. आजीच्या नुसत्या डोळ्यांनी शिकवले. पण त्याच घरातल्या बेसिनपाशी जाऊन पाहावे. एका स्टीलच्या पेल्यात आजोबांपासून नातवापर्यंत सहाजणांचे ब्रश डोक्याला डोके लावून उभे असतात. जो मुलगा धाकट्या भावाचा उष्टा पेला तोंडाला लावणार नाही, त्याचा ब्रश रात्रभर त्याच भावाच्या ब्रशाला टेकलेला असतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही!

मी मराठी शिकवतो. त्यामुळे अशा वेळी माझे लक्ष शब्दांकडे जाते. उष्टे, खरकटे, शिळे, ओवळे, पारोसे असे एकाहून एक नेमके शब्द आपल्यापाशी असताना त्यांतला एकही ब्रशाच्या वाट्याला येऊ नये, हे कसे? मला वाटते, याचे कारण दातवणात आहे. कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी चावायची, दात घासायचे आणि ती फेकून द्यायची. मंजन किंवा राखुंडी असेल तर बोट. आणि बोट आपोआपच धुतले जाई. दात घासण्याचे साधन उद्यासाठी जपून ठेवायचे, ही कल्पनाच त्या रीतीत नव्हती. मग ब्रश आला. आरंभी तो डुकराच्या राठ केसांचा असे. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश विक्रीला आला आणि पुढे तो घरोघर पोचला. वस्तू आली, तिचे सोवळे मात्र मागेच राहिले.

हा विषय नुसत्या किळसेचा असता, तर फराळाच्या ताटाबरोबर मी तो वाढला नसता. आपल्या तोंडात असंख्य जंतू असतात आणि आपले जंतू आपल्याला सहसा त्रास देत नाहीत. भीती आहे ती दुसऱ्याच्या ब्रशाची. दात घासताना अनेकांच्या हिरड्यांतून थोडे रक्त येते आणि रक्तावाटे हिपॅटायटिस बी आणि सी यांसारखे यकृताचे आजार पसरतात. असा आजार अंगात असूनही कित्येकांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून 'एक दिवसाने काय होते?' हा प्रश्न इथे कामाचा नाही.

एका लग्नघरी मी हा प्रश्न निकालात निघालेला पाहिला. सकाळी एक पाहुणे म्हणाले, "वहिनी, माझा ब्रश घरीच राहिला. दादाचा घेतो, घरचाच तर आहे!" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवाल का?" आणि त्यांनी कपाटातून एक कोरा ब्रश काढून दिला. दहा मिनिटांच्या व्याख्यानाने जे साधले नसते, ते एका 'उष्ट्या' शब्दाने साधले. पाहुण्यासाठी एखादा नवा ब्रश घरात असणे हाही पाहुणचारच.

बाकी उपचार अगदी सोपे आहेत. दात घासून झाले की ब्रश वाहत्या नळाखाली धरून केसांत अडकलेली पेस्ट आणि अन्नाचे कण पूर्ण काढावेत, पाणी झटकावे आणि केस वर करून तो उभा, उघड्यावर, शेजारच्याला न टेकता ठेवावा. जंतूंना ओल आवडते. वाळलेल्या ब्रशावर त्यांचे फारसे चालत नाही. म्हणूनच ओल्या ब्रशावर टोपण घालून तो डबीत कोंडणे चांगले नव्हे, टोपण प्रवासापुरते. झुरळांची भीती असेल तर हवा खेळेल अशा जाळीच्या झाकणाखाली ठेवावा. पावसाळ्यात मोरीत काहीच वाळत नाही, तेव्हा तो खिडकीजवळ हलवावा. संडास आणि न्हाणीघर एकच असेल, तर फ्लश करण्यापूर्वी झाकण लावावे. उडणारे बारीक तुषार बरेच दूर जातात. पेस्टच्या ट्यूबचे तोंडही प्रत्येकाच्या ब्रशावर घासू नये. आणि त्या पेल्याच्या तळाशी साचलेले बुळबुळीत पाणी एकदा पाहावे. मग तो आठवड्याला साबणाने घासायची आठवण कोणी करून द्यावी लागणार नाही. ब्रश उकळण्याची मुळीच गरज नाही. त्याने फक्त त्याचे केस वाकडे होतात.

दर तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलावा, केस आधीच फिसकटले तर आधीच. तारखा लक्षात राहत नसतील, तर दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा आणि आषाढी हे चार दिवस धरावेत; हिशेब साधारण बरोबर बसतो. यंदा नरकचतुर्दशीला उटण्याच्या वाटीशेजारी घरातल्या प्रत्येकाचा एकेक नवा ब्रश मांडून ठेवा, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्या पहाटे घरातले कोणीच पारोसे राहत नाही. ब्रशाने तरी का राहावे?