पर्यायी मार्ग कोणाच्या दारातून?



दिवाळी सरली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान घरात येतो आणि त्यापाठोपाठ रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. खरेदी केंद्रावरून धान राईस मिलमध्ये, तिथून भरडाईचा तांदूळ सरकारी गोदामात. उन्हाळी धान निघाला की हीच फेरी पुन्हा. गोरेगाव तर गोंदिया-कोहमारा रस्त्यावरच वसलेले. पुढे कोहमाऱ्याला हा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो. धानाच्या जोडीला रेती, गिट्टी, मुरमाचे टिप्परही आलेच. मोठ्या रस्त्यावरून गाड्या जाणारच, त्याला इलाज नाही. पण तीच गाडी चार पावले वाचवायला मोहल्ल्याच्या गल्लीत शिरते आणि शाळेच्या वेळेला शिरते, तेव्हा आईचा जीव दारात टांगलेला असतो.

अशा वेळी "ट्रक बंद करा" अशी आरोळी सहज निघते. मला ती पटत नाही. त्या ट्रकवर पोती चढवणारा हमाल आपल्याच घरातला आहे, स्टिअरिंगवर बसणारा आणि क्लीनर म्हणून लोंबकळणाराही आपलाच पोरगा आहे. ट्रक थांबला तर त्यांची चूल थांबते. म्हणून मागणी वेळेची करावी, आणि कोणत्या गल्लीत जड गाडी मुळीच नको तेही नाव घेऊन सांगावे.

यासाठी कायदा आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा रस्त्याच्या स्थितीमुळे एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या गाड्यांना बंदी किंवा वेळेचे बंधन घालता येते. बंदी महिनाभराहून जास्त काळाची असेल तर ती राजपत्रात छापावी लागते. महिनाभराची असेल तर गावात जाहीर केली तरी चालते. मुंबई, ठाणे, पुण्यात सकाळ-संध्याकाळ जड वाहने अडवतात ती अशाच आदेशांनी. रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी यांना त्यातून सूट असते. शहरात पोलीस आयुक्त हे आदेश काढतात, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. त्यांच्याकडे कोणी मागितलेच नाही तर आदेश आपोआप निघत नाही, एवढे मात्र खरे.

वजनाचेही थोडे ऐका. दहा चाकी ट्रकचे भरलेले वजन पूर्वी 25 टनांपर्यंत चालायचे. 2018 साली केंद्र सरकारने ते 28.5 टन केले. आपल्या मोहल्ल्याचा रस्ता इतक्या भारासाठी बांधलेलाच नसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते तयार करून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. एका एक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज सोळापटीच्या घरात जाते, असे त्यातून दिसले. म्हणजे गल्लीतला खड्डा मोटारसायकलींनी पाडलेला नाही. आणि जादा भरलेल्या ट्रकला 2019 च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला दोन हजार. जादा माल उतरवल्याशिवाय ती गाडी हलवताही येत नाही.

घरच्या लेकरांना एक गोष्ट आजच सांगा. ट्रकच्या डाव्या अंगाला, क्लीनर साईडला, आणि अगदी नाकासमोर उभा असलेला लहान मुलगा ड्रायव्हरला दिसत नाही. उभ्या ट्रकसमोरून सायकल काढायची नाही म्हणजे नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी आज लिहायला बसले. बंदीचा आदेश निघतो तेव्हा त्यात बहुधा "पर्यायी मार्ग" असा एक रकाना असतो. बाजारपेठेतून, मोठ्या घरांच्या आळीतून ट्रक काढला, तर तो कुठून जाणार? गावाबाहेरून. आणि गावाबाहेर कोण राहते हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या कितीतरी वस्त्या आजही गावाच्या कडेलाच आहेत. घराच्या ओसरीपासून रस्ता दोन हातांवर, विहाराकडे किंवा अंगणवाडीकडे जाणारी वाट त्याच रस्त्यावरून. गावाची धूळ काढायची आणि ती आपल्या स्वयंपाकघरात लोटायची, याला सोय म्हणत नाहीत. शेजारच्या गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टीकडून जाऊ लागले तेव्हा तिथल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. गाड्या सुरू झाल्यावर रस्त्यावर उतरण्यापेक्षा कागद निघण्याआधी बोलणे स्वस्त पडते. काही शहरांत वाहतूक पोलीस आधी हरकती व सूचना मागवतात. आपल्याकडे मागवल्या नाहीत तरी हरकत लिहून देता येतेच.

तेव्हा अर्ज करताना पर्यायी मार्ग तुम्हीच सुचवा, आणि तो कोणाच्याही, आपल्या किंवा दुसऱ्याच्या, दारातून जाणार नाही असे पाहा. तसा मार्ग नसेल तर स्पष्ट लिहा: शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी जड वाहने थांबवा, बाकी वेळी वेगमर्यादेचा फलक लावा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रती तहसीलदार, पोलीस ठाणे आणि नगरपंचायत यांना. सह्यांमध्ये बायकांची नावे आधी येऊ द्या, दिवसभर रस्ता त्याच पाहतात. सोबत पेनाने काढलेला नकाशा जोडा. त्यात शाळा, हापसी आणि ट्रक वळतो तो कोपरा दाखवा. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.