टक्कल, बाजार आणि आपली अक्कल

माणसाच्या डोक्यात काय आहे यापेक्षा डोक्यावर काय आहे, याची चिंता आजच्या तरुणाला अधिक लागून राहिलेली दिसते. वसतिगृहातील कोणत्याही खोलीत डोकावून पाहावे. पुस्तकांशेजारी केसांच्या तेलाची नाही तर औषधाची एखादी बाटली हटकून आढळेल. विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. परंतु खानावळीसाठी घरून आलेल्या पैशांतून जेव्हा ही बाटली विकत घेतली जाते, आणि विशीही न ओलांडलेली मुले हप्त्यांवर केस लावून घेण्याच्या गोष्टी करू लागतात, तेव्हा या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहणे प्राप्त आहे.

मित्रहो, केसांची काळजी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. ‘टक्कल पडले म्हणून काय झाले?’ हा उपदेश डोक्यावर भरगच्च केस असलेल्याने करणे फार सोपे असते. ज्याला वर्गात ‘चंद्रोदय झाला’ असे ऐकावे लागते, ज्याच्या स्थळाची चर्चा कपाळापासून सुरू होते, त्याचे दुःख खोटे नाही. माझे म्हणणे एवढेच की उपचार घ्यायचा तर पूर्ण माहिती करून घ्यावा. भीतीपोटी घेतलेला निर्णय हा आपला नसतो, तो जाहिरात करणाऱ्याचा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे, केस गळणे हा एकच एक विकार नव्हे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. टायफॉइडसारखा मोठा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठी-मुठीने जातात आणि बहुधा आपोआप परत येतात. अंगात लोह कमी असेल किंवा थायरॉइडचा दोष असेल तरी केस विरळ होतात. चाई पडते तेव्हा शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. यांतले काय झाले आहे हे न पाहता बाटली आणणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

याचे अगदी जवळचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्याचे आहे. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुका आणि परिसरातील गावांत थोड्या दिवसांत लोकांना टक्कल पडू लागले. बाधितांची संख्या अडीचशेच्या वर गेली. प्रथम पाण्यावर संशय घेण्यात आला. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे अतिरिक्त प्रमाण हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. कारण असे अन्नात असेल तर डोक्याला काहीही चोळून काय उपयोग? या काळात काहींची ठरलेली लग्ने मोडल्याच्या आणि मुलामुलींच्या शिक्षणात खंड पडल्याच्याही बातम्या आल्या. केस गेले ते गेलेच, वर माणसेही दुरावली. यात दोष कोणाचा, हे सुज्ञांनी ठरवावे.

दुसरा प्रकार आनुवंशिक टकलाचा. पुरुषांत हाच सर्वांत जास्त आढळतो. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. ज्यांच्या कपाळावरची व टाळूवरची केसांची मुळे त्याला जन्मतःच हळवी असतात, त्यांची ती मुळे हळूहळू बारीक होत जातात. डोक्यामागच्या व बाजूच्या केसांना त्याचा फारसा त्रास होत नाही. म्हणूनच टकलाला ती ओळखीची झालर राहते. टोपी घातल्याने किंवा अभ्यासाने टक्कल पडते, ही समजूत निराधार आहे. (परीक्षेच्या तोंडावर पुस्तक मिटण्यास ही सबब चालणार नाही!)

या टकलावर कसोटीला उतरलेली दोन औषधे मुख्यत्वे सांगितली जातात. पहिले मिनॉक्सिडिल. हे मूळचे रक्तदाबावरचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणजे दुष्परिणामातूनच नवा उपयोग सापडला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याने केस उलट जास्त गळतात. घाबरून पुष्कळजण तेव्हाच ते सोडून देतात. गुण दिसायला किमान चार महिने लागतात. त्वचेला खाज सुटणे, नको तिथे लव येणे, क्वचित छातीत धडधडणे असे त्रास होतात. आणि मुख्य म्हणजे औषध थांबवले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात.

दुसरे फिनास्टेराइड. ही गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारासाठी व १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमच्या मात्रेत टकलासाठी अमेरिकेत मान्य झाली. ती डीएचटी तयार होणे कमी करते. पुष्कळांचे केस गळणे तिने थांबते, हे खरे. पण थोड्या लोकांत कामेच्छा कमी होणे, लैंगिक दुर्बलता, मनाची उदासी असे परिणाम दिसतात. काहींनी तर ते गोळी सोडल्यावरही राहिल्याचे सांगितले आहे. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. मात्र फायदा धोक्यापेक्षा अधिक आहे, असेही तिने म्हटले. याचा अर्थ गोळी विष आहे असा नव्हे. अर्थ असा की ती मित्राने सांगितली म्हणून घ्यावयाची वस्तू नाही. गर्भवती स्त्रीने तर या गोळीचा चुरा हातातही घेऊ नये, कारण पोटातील मुलग्याच्या वाढीस धोका असतो.

आता केशरोपण. यात नवीन केस निर्माण होतात असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः वाफ्यातील मिरचीची रोपे उपटून शेतात लावावीत, तसे डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात. वाफा मर्यादित आहे. एकदा उपटलेले रोप तिथे पुन्हा उगवत नाही. लावलेले केसही काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा फुटू लागतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्षभर लागते. शिवाय आसपासचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत, म्हणून औषध बहुधा चालूच ठेवावे लागते. विशीत टक्कल कुठवर जाणार हे ठरलेले नसते. घाईने पुढची रेघ भरून घेतली आणि मागचे गळतच राहिले, तर पुढे बेट आणि मागे वाळवंट अशी अवस्था होते. जाणता डॉक्टर म्हणूनच तरुणाला थांबायला सांगतो.

आणि ही शस्त्रक्रिया आहे, दाढी-कटिंग नव्हे. २०१६ मध्ये चेन्नईत २२ वर्षांच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा आणि २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावे, केवळ कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून करू नये, असे बजावले. असे बजावावे लागले, यातच सारे आले.

कायद्याचे म्हणावे तर, औषध नियम, १९४५ यांच्या ‘जे’ परिशिष्टात टकलाचे नाव आहे. म्हणजे टक्कल बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करावयाचा नाही. तरीही ‘हमखास’ हा शब्द चौकाचौकांतल्या फलकांवर झळकतोच. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले आहे, तिथे छापील शब्दाला फार मान असतो. ‘छापले आहे म्हणजे खरे असणार’ असे आमचे आईवडील समजतात. त्यांची ही श्रद्धा बाजाराला फुकट वापरू द्यायची की नाही, हे आपण शिकलेल्यांनी ठरवायचे आहे. पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: माझे केस कशामुळे गळतात? औषध किती वर्षे घ्यावे लागेल? त्रास झाला तर काय करायचे? शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, आणि त्याचे शिक्षण काय? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील, त्याची पायरी चढू नये.

शेवटी एक सूचना. विद्यार्थी परिषदेने पुढील वर्षी त्वचारोगतज्ज्ञाचे एक व्याख्यान ठेवावे. मुलींचेही केस जातात आणि त्यांना तर ते बोलायचीही चोरी असते. म्हणून प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावेत. आणि वर्गात ‘टकल्या’ अशी हाक ऐकू आली, तर हसणाऱ्यांत आपण नसावे. एवढे जरी झाले, तरी आपल्यातल्या दोन-चार जणांचे खानावळीचे पैसे खानावळीतच जातील.