नववीचे वर्ष आणि दाखल्याचा फेरा

घरी शिकणाऱ्या मुलाची नववी ही आठवीची पुढची पायरी एवढीच नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षे वयापुरता आणि आठवीपर्यंतच लागू आहे. नववीपासून कायद्याचा प्रश्न मागे पडतो आणि कागदांचा प्रश्न सुरू होतो. नववीला सार्वजनिक परीक्षा नसल्यामुळे अनेक घरांत हे वर्ष एक तर दहावीची पुस्तके घाईने उघडण्यात जाते, नाहीतर ‘अजून वेळ आहे’ म्हणण्यात. दोन्हींची किंमत परीक्षेचा अर्ज भरताना मोजावी लागते.

पहिला निर्णय मंडळाचा, आणि तो जूनमध्येच व्हायला हवा. खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी भरायच्या राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. पाचवी-सहावीपर्यंत शाळेत गेलेल्या मुलाला हा मार्ग चालतो. शाळेची पायरीच न चढलेल्या मुलाच्या घरी दाखला येणार कुठून? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या म्हणजे एनआयओएसच्या माध्यमिक अभ्यासक्रमाला १४ वर्षे पूर्ण झालेली असणे पुरते. आधीच्या इयत्तेचे प्रमाणपत्र नसेल, तर अभ्यासक्रम झेपेल एवढे शिक्षण झाल्याचे स्वयंघोषणापत्र चालते. जन्मतारखेचा पुरावा मात्र हवाच, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

महाराष्ट्रात असंख्य जन्मदाखल्यांवर बाळाचे नावच नसते. आईवडिलांची नावे, तारीख, रुग्णालय असे सगळे असते आणि नावाचा रकाना कोरा. शाळेत जाणाऱ्या मुलाचे त्यावाचून फारसे अडत नाही, कारण शाळेच्या रजिस्टरात नाव एकदा चढले की पुढचे सगळे कागद त्यावरून निघतात. घरी शिकणाऱ्या मुलाची मुख्य भिस्त जन्मदाखल्यावरच असते. हे नाव नोंदवण्याची मुदत जन्मनोंदणीपासून १५ वर्षांची आहे, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत ती नववी-दहावीच्या सुमारासच संपते. त्यातच कार्यालयाच्या खिडकीवर नावाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला मागितला जातो. शाळेचा दाखला हवा तर जन्मदाखला दाखवा आणि जन्मदाखल्यावर नाव हवे तर शाळेचा दाखला आणा, या फेऱ्यात पालकांचे महिने जातात. कायद्याने जन्मनोंदणी आधी आणि शाळा नंतर येते. हा क्रम उलटा करण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनाला नाही. अशी मागणी झाली की ती लेखी मागावी. लेखी मागताच ती बहुधा आवरती घेतली जाते. पालकांची चूक वेगळी आहे. मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत अनेकांनी तो कागद उघडूनही पाहिलेला नसतो. आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे, आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी, हेही मग शेवटच्या आठवड्यात उघडकीला येते.

शाळेच्या दाखल्याचा हाच हट्ट अकरावीच्या दारातही भेटतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात, तरी कागदपत्रे तपासायला बसलेली व्यक्ती ‘एलसी’, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखलाच मागते. एनआयओएस उत्तीर्ण विद्यार्थ्याला गुणपत्रिकेबरोबर मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देते, आणि बदलीचे प्रमाणपत्र तेच आहे. वेगळ्या एलसीसाठी एखाद्या ओळखीच्या शाळेत मुलाचे नाव कागदोपत्री चढवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये. त्या खोट्या नोंदीचे ओझे पुढे मुलालाच वाहावे लागते.

एनआयओएसमधली विषयांची निवड त्यामानाने सोपी. उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यांत एक किंवा दोन भाषा, आणि वर दोन जादा विषय घेता येतात. मराठी भाषाविषय म्हणूनही आहे आणि माध्यम म्हणूनही. विज्ञान शाखेचा थोडाही विचार असेल, तर गणित आणि विज्ञान-तंत्रज्ञान सोडू नये. नोंदणी पाच वर्षे चालते, नऊ संधी मिळतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षाला दोन सार्वजनिक परीक्षा होतात. नववीच्या अखेरीस दोन विषय देऊन उरलेले तीन पुढे ठेवणे हा या व्यवस्थेचा खरा फायदा आहे. तरीही पाचही विषय एकाच वेळी देण्याचा अट्टहास केला जातो. टीएमएचे (ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट, म्हणजे तपासून घ्यायच्या स्वाध्यायांचे) २० टक्के गुण आणि विज्ञानाची प्रात्यक्षिके अभ्यासकेंद्राशी बांधलेली असतात, म्हणून केंद्र निवडताना तिथली प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी.

एनआयओएसचा माध्यमिक अभ्यासक्रम नववी-दहावी मिळून एकच असल्याने नववीचे पायाभूत धडे नकळत गाळले जातात. बालभारतीने २०१७ साली आणलेल्या नववीच्या पुस्तकांतले त्रिकोण आणि बहुपदी हे धडे पक्के नसतील, तर समरूपता आणि वर्गसमीकरणे नुसती पाठ होतात. विज्ञानातला ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा टाळलेल्या मुलाला मोल ही संकल्पना अकरावीत छळते.

ज्या घरांत मूल तेरा वर्षांचे झाले आहे, त्या पालकांनी याच आठवड्यात जन्मदाखला काढून नावाचा रकाना पाहावा, आणि तो कोरा असेल तर विलंब शुल्क भरून नाव चढवून घ्यावे.