तारखेला गैरहजर सरकार

न्यायालयाचे समन्स सामान्य माणसाच्या दारात आले की त्या रात्री घरात कोणाला धड झोप लागत नाही. तेच समन्स सरकारी कार्यालयात आले की त्यावर आवक क्रमांक पडतो, 'विधी शाखेकडे' असा शेरा पडतो आणि कागद फायलीत जाऊन निवांत विसावतो. शासनसेवेत राहून मी हे अनेक कार्यालयांत पाहिले आहे. याला आपण सवयीने दिरंगाई म्हणतो. माझ्या मते हा शब्द फार सौम्य आहे. वाद जेव्हा एखाद्याच्या काम करण्याच्या परवान्याचा असतो, तेव्हा अधिकाऱ्याची गैरहजेरी हाच निकाल असतो.

जमिनीचा दावा वीस वर्षे चालला तरी जमीन जागेवर राहते. परवान्याचे तसे नाही. त्याला मुदत असते, आणि त्याच्या आधारावर जगणाऱ्या कुटुंबाला रोजचा खर्च असतो. अधिकारी पहिल्या तारखेला येत नाही, दुसऱ्या तारखेला शपथपत्रासाठी मुदत मागतो, तिसऱ्या तारखेपर्यंत त्याची बदली झालेली असते. तोवर परवान्याची मुदत उलटते आणि सरकारी वकील नम्रपणे सांगतात की याचिकेत आता काही उरलेले नाही. याचिका निकाली निघते. परवाना का नाकारला, हे शेवटपर्यंत कोणीच सांगत नाही.

फेरीवाल्यांचे उदाहरण घ्या. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करावे आणि पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यावे, असे तो सांगतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवू नये, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. दिल्ली असो वा मुंबई, वादाचा प्रश्न एकच असतो: सर्वेक्षण झाले की नाही? याचे उत्तर फक्त पालिकेच्या दप्तरात असते. ते दप्तर घेऊन कोणी न्यायालयात गेलेच नाही, तर न्यायाधीशांनी निर्णय कशावर द्यायचा? हातगाडी मात्र न्यायालयाची वाट न पाहता उचलली जाते.

माझे सहकारी यावर म्हणतात, न्यायालये अधिकाऱ्यांना ऊठसूट बोलावतात, ताटकळत ठेवतात, सर्वांसमक्ष अपमान करतात. यात तथ्य होते. एप्रिल २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या अर्थ विभागातील सचिवांना ताब्यात घेण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ रोजी तो रद्द केला आणि अधिकाऱ्यांच्या उपस्थितीसाठी कार्यपद्धती घालून दिली. शपथपत्राने भागत असेल तर प्रत्यक्ष बोलावू नये, बोलावायचे तर आधी दूरदृश्य माध्यमाचा विचार करावा, पोशाखावर शेरेबाजी करू नये. पण त्याच निकालात हेही आहे की माहिती जाणूनबुजून दडवली जात असल्याचे दिसले तर न्यायालय अधिकाऱ्याला समक्ष बोलावू शकते. आमच्या लोकांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरले. ज्याला कार्यालयातील खुर्चीवर बसून पडद्यावर हजर राहता येते, त्याने प्रवासाची सबब सांगू नये.

यातला दुटप्पीपणा अधिक बोचतो. तहसीलदारापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत आम्ही स्वतः समन्स काढतो आणि न येणाऱ्याला कारवाईची भीती घालतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २०८ आमच्या आदेशाला न जुमानणाऱ्याला एक महिन्यापर्यंत साधा कारावास सांगते. न्यायालयाचा हजेरीचा आदेश मोडला तर सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या लेखी न्यायालयाचे बोलावणे आमच्याहून मोठे आहे. कार्यालयाच्या लेखी मात्र ते टपालातले आणखी एक पाकीट.

उपाय नवा शोधावा लागणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खालील नोटिशीला वेळेत उत्तर देण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर सोपवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम वकील संघाच्या खटल्यात सर्व सरकारांना बजावले. उत्तर न दिल्यास किंवा ते टाळाटाळीचे असल्यास भरभक्कम खर्च बसवावा आणि तो अधिकाऱ्याकडून वसूल करण्यासह कारवाई व्हावी, असेही सांगितले. हेच तत्त्व समन्सलाही लावा. प्रत्येक परवाना-प्रकरणात जबाबदार अधिकाऱ्याचे नाव पहिल्याच तारखेला नोंदवावे. त्याची बदली झाली तर ते प्रकरण कार्यभार हस्तांतराच्या यादीत लेखी दिले जावे. बसलेला दंड सरकारी तिजोरीतून भरू नये. आज तो तिजोरीतून जातो, म्हणजे ज्याची गाडी उचलली त्याच्याच करातून.

शासनाने परवाना नाकारावा. तो त्याचा अधिकार आहे. पण का नाकारला, हे न्यायासनासमोर उभे राहून सांगण्याचे धैर्य नसेल, तर तो नाकारण्याचा अधिकारही आम्हाला उरत नाही.